अंगाऱ्यातली ओली रेघ

मार्गशीर्षातला दुसरा रविवार. गाडीच्या गळतीवर त्या दिवसापर्यंत झालेला खर्च सहा हजार चारशे ऐंशी रुपये. गाडीत माणसं तीन: मी, माझी पत्नी आणि माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण. सकाळी सव्वासात वाजता आम्ही रत्नागिरीहून देवरूखच्या बाजूला, आमच्या कुलदेवीच्या दर्शनाला निघालो. हे सगळं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या माणसानं तिखटमीठ लावलं. माझी सत्तावीस वर्षं हिशेब विभागात गेली आहेत. मला आकडा फुगवता येत नाही, अनुभवही फुगवणार नाही.

त्या सकाळी माझ्या मनात शंका होती, पण ती देवीबद्दल नव्हती, गाडीबद्दल होती. देवीबद्दल मी कधी फारसा विचारच केला नव्हता. रोज सकाळी देवांना फुलं वाहायची, दिवा लावायचा, वर्षातून एकदा कुलदेवीला जायचं, एवढा माझा आणि देवाचा व्यवहार. देवानं देवाचं काम करावं, मी माझं करीन, असं मला वाटायचं. गाडीच्या नटबोल्टांत त्याला ओढायची गरजच काय?

आईचं तसं नाही. तिला चार वर्षं मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी तिनं देवीला बोलून ठेवलं, की नजर आली तर माझा पहिला प्रवास तुझ्याकडे, त्याआधी उंबरठ्याबाहेर कुठे जाणार नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं छान झाली. पट्टी निघाल्यावर तिनं पहिल्यांदा मला पाहिलं आणि म्हणाली, "अरे, किती पांढरा झालास!" डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. आणि नेमकं तेव्हाच माझी गाडी गळतेय हे लक्षात आलं.

आमच्या अंगणात जांभ्या दगडाची फरसबंदी आहे. जांभा तेल पिऊन टाकतो आणि त्याच्या लाल रंगात डाग लपतो, त्यामुळे गळती नक्की कधी सुरू झाली ते मला सांगता येत नाही, याचं आजही वाईट वाटतं. लक्षात आल्यावर मात्र मी आंब्याच्या पेट्यांचे पुठ्ठे उलगडून गाडीखाली पसरले. रोज सकाळी ते बाहेर काढायचे, डागाभोवती पेन्सिलीनं गोल करायचा, शेजारी तारीख लिहायची. दोन गळत्या निघाल्या. हिरवट, चिकट डाग कूलंटचा, काळा डाग इंजिन ऑइलचा. किती गळतं ते कळावं म्हणून मी खाली स्टीलची वाटी ठेवून पत्नीच्या मापाच्या चमच्यानं मोजलं. चमचा मी धुऊन ठेवला होता, तरी तिनं तो फेकून दिला आणि नवा आणायला लावला. "गाडीची जन्मपत्रिका केलीत," ती वही बघून म्हणाली, "पण सासूबाईंचा खोळंबा झालाय त्याची नोंद कुठल्या पानावर आहे?"

खोळंबा खरा होता. गॅरेजमध्ये आधी रेडिएटरचा पाइप बदलला, मग खालच्या तेलाच्या टाकीचं गॅस्केट, मग इंजिन धुऊन घेतलं. मधल्या काळात आई पावसला भाचीच्या मुलीच्या साखरपुड्यालाही गेली नाही. ओट्यावर बसून रस्त्यावरची माणसं बघायची आणि म्हणायची, "तुझी गाडी गळते आणि इथे माझे दिवस गळतात." पत्नीनं दोनदा सुचवलं की भाड्याची गाडी करू या. मी ऐकलं नाही. स्वतःची गाडी दारात असताना आईला नवस फेडायला दुसऱ्याच्या गाडीतून न्यायचं, हे मला पटत नव्हतं. आता मागे वळून पाहताना कळतं, त्यात आईपेक्षा माझ्या वहीची काळजी जास्त होती.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. गाडी गॅरेजमधून आल्यावर माझं समाधान झालं नाही. दुसऱ्यानं आवळलेला नट पुरेसा आवळलेला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. घरचा गॅस सिलिंडरसुद्धा तो माणूस लावून गेला की मी पुन्हा तपासतो. म्हणून एका रविवारी मी पाना घेतला आणि बॉनेट उघडून हाताला लागतील ते सगळे नट एकेक पीळ आवळले. मला फार बरं वाटलं. त्यानंतर सलग चौदा दिवस पुठ्ठा कोरा. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी तेवढी अर्धं बोट उतरली होती. पण पॅड झिजले की ती उतरतेच, असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी वहीत 'पॅडची झीज' असं लिहिलं आणि डबी वरपर्यंत भरली. बॉनेटखाली मागच्या बाजूला थोडा ओलसरपणा दिसायचा, तो धुतलेल्या पाण्याचा असेल म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फडक्यानं पुसून टाकायचो. चौदाव्या दिवशी वहीत लाल शाईनं लिहिलं: गळती बंद. आणि आईला सांगितलं, चल.

रस्ता मजेत गेला. आई पुढे बसली होती आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती, अगदी पहिलीतल्या मुलीसारखी. देवरूख सोडल्यावर अकरा किलोमीटर चढ आहे, वळणावळणाचा. शेवटच्या दोन वळणांवर ब्रेक पावलाखाली नेहमीपेक्षा थोडा मऊ लागला. मी मनात म्हटलं, चप्पल बदलली म्हणून असेल. वहीत लाल शाईनं लिहून झालं होतं ना!

देवळात आईला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं केलं. तिनं मान पुढे काढून मूर्तीकडे निरखून पाहिलं. मग एकदम म्हणाली, "अगो बाई, हिला नथ कधी केली?"

"तीन वर्षं झाली, काकी," गुरव हसून म्हणाले. "तुमी दर साली येताव, हात जोडताव नि जाताव. मला वाटायचं, काकींना नथ आवडली नाय वाटतं."

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसतही होती. माझी पत्नी तिला डोळे चोळू नका, डॉक्टर रागावतील म्हणून ओरडत होती. ओटी भरून झाली, नैवेद्य झाला. माझ्या हिशेबानं साडेबाराला निघालो असतो तर तीनच्या आत घरी पोचलो असतो. पण आमच्या आईची एक पद्धत आहे. ती देवीला विचारल्याशिवाय तिचं अंगण सोडत नाही. तिच्या सासूचीही तीच पद्धत होती. कौल लावायचा: गुरव देवीच्या पाषाणी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं भिजवलेली एकेक कळी चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

"बाई माऊली," गुरवांनी सुरुवात केली, "तुझी लेकरं रत्नागिरीसून आलीत, म्हातारीची नजर तू परत दिलीस, आता ती गाडीत बसून माघारी जातो म्हणतायत. वाटेत काटा-खडा, वळण-उतार असंल तो तू बाजूला कर. जायाची सूट असंल तर उजवी दे."

"होय माऊली," आई आणि पत्नी एका सुरात म्हणाल्या. मी घड्याळ बघत होतो.

पाच मिनिटांत डावी कळी पडली.

"थांबायला सांगते," गुरव म्हणाले. "घटकाभरानं परत लावू."

माझी चिडचिड झाली, ती मी लपवली नाही. मी म्हणालो की कळी ओली असते, तिचं वजन असतं, पाणी सुकलं की ती पडणारच. डावीकडून वारा येतोय म्हणून डावी पडली. गुरव शांतपणे म्हणाले, "वारा कुणाचा म्हणायचा मग?" पत्नीनं पदरात तोंड लपवलं. आई तर खूशच होती; चार वर्षांचं बघायचं राहिलं होतं, ते ती भिंतीला टेकून निवांत बघत बसली. मधेच तिनं मला अंगाऱ्याची पुडी दिली आणि म्हणाली, "नुसता येरझाऱ्या काय घालतोस? जा, गाडीला अंगारा लाव."

एरवी मी स्टिअरिंगला बोट टेकवून आलो असतो. पण आई देवळाच्या खिडकीतून बघत होती, आणि आता तिला दिसत होतं. म्हणून मी बॉनेट उघडलं, इंजिनाला रीतसर अंगारा लावावा म्हणून पुडी सोडली, आणि त्याच क्षणी डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला. अख्खी पुडी उडाली. माझ्या चष्म्यावर, शर्टावर आणि आदल्याच दिवशी पुसून लखलखीत केलेल्या इंजिनावर सगळीकडे राख. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला वाकलो.

"हात नका लावू! राहू दे तसंच!"

मागे एक गृहस्थ उभे होते. पासष्टीचे असतील, काटक, लुंगीवर स्वेटर. हे मूळ बुरोंडीचे. गुरवांच्या शेजारच्या घरात त्यांची मुलगी दिलेली, म्हणून सारी वाडी त्यांना व्याही म्हणते. तीस वर्षं बोटीवर इंजिनखात्यात काढलेला माणूस. लेकीकडे आठ दिवसांसाठी आले होते आणि कंटाळून, बॉनेट उघडलं म्हणून बघायला आले होते.

"ती बघा," त्यांनी बोट दाखवलं. करड्या राखेत, ब्रेक ऑइलच्या डबीखालून जी लोखंडी नळी निघते तिच्या नटाशी, करंगळीच्या नखाएवढा काळा ओला ठिपका होता. "आत बसा आणि ब्रेक दाबा. दाबून धरा. सोडा. परत दाबा."

मी दहा वेळा दाबला. उतरून पाहतो तर ठिपक्याची रेघ झाली होती. नटापासून खाली, राखेतून वाट काढत, चार बोटं लांब. मी इतक्या वर्षांत पुष्कळ कागद पाहिले, पण चूक इतक्या स्वच्छ अक्षरात लिहिलेली कधी पाहिली नव्हती.

"आम्ही इंजिनरूममध्ये खडूची पूड मारायचो," व्याही म्हणाले. "नळी कुठे फुटलीय ते डोळ्यांना दिसत नाही, पुडीला दिसतं. तुमच्या देवीकडे तर पूड फुकटच आहे की."

मी त्यांना पुठ्ठ्यांचं सांगितलं. चौदा दिवस कोरा पुठ्ठा, एक थेंब नाही. ते मोठ्यानं हसले. "अहो साहेब, ही ब्रेकची नळी. पाय दाबला की तिच्यात दाब येतो, तेव्हा ती गळते. अंगणात उभी असताना हिच्यावर पाय कोण ठेवणार? तुम्ही ती झोपलेली असताना तपासलीत. झोपेत सगळेच गुणी." मग नटाकडे निरखून बघत म्हणाले, "हा कुणीतरी रेड्यासारखा पिळलाय. आतलं फुलवलेलं टोक चिरलंय. कुठल्या मेकॅनिकचं काम हे?"

पत्नी तोवर तिथे आली होती. तिला त्या रविवारचा पाना आठवत होता. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझंच."

मी वळून आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. खाली अकरा किलोमीटर उतार, वळणं, प्रत्येक वळणावर ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला ती रेघ लांब होत गेली असती. मी वाढवून सांगत नाही. नंतर मेकॅनिकनं समजावलं की ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात, एक रिकामी झाली तरी दुसरी चालते, आणि गाडी कदाचित थांबलीही असती. कदाचित. माझी आई पुढच्या सीटवर बसून पाट्या वाचत असताना या शब्दावर मी तो उतार उतरणार होतो.

व्याह्यांनी देवरूखच्या एका मेकॅनिकला फोन लावला. "नळीचं टोक फुलवायचं हत्यार घेऊन ये, ब्रेक ऑइल घेऊन ये, आणि वर आलास की आधी जेव, लेकीनं कुळीथ केलंय." तो मोटारसायकलवरून सव्वादोनला पोचला. चिरलेलं टोक कापलं, नवं फुलवलं, नट बसवला. मग नळीतली हवा काढायला आतून कुणीतरी ब्रेक दाबत राहावं लागतं, ते काम माझ्याकडे आलं. बाहेरून हुकूम यायचा, "दाबा... धरून ठेवा... सोडा," आणि मी दाबायचो, धरायचो, सोडायचो. चाकाशी काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. पाना दुसऱ्याच्या हातात, डबीवर लक्ष व्याह्यांचं. मी विचारलं, "नट किती आवळला?" तर मेकॅनिक म्हणाला, "पुरेसा." आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर मला पुरलं. अर्धा तास मी केवळ सांगितलं तेव्हा दाबत होतो आणि सांगितलं तेव्हा सोडत होतो, आणि चमत्कारिक वाटेल, पण त्या अर्ध्या तासात मला जेवढी विश्रांती मिळाली तेवढी गेल्या कित्येक रविवारी मिळाली नव्हती.

मी त्या दिवसाचा नंतर खूप विचार केला. कळीला वजन असतं आणि पाणी सुकतं, हे आजही मला मान्य आहे. मार्गशीर्षात डोंगरावर वारा सुटतो, हेही खरं. बोटीवरचा माणूस लेकीकडे येऊ शकतो आणि कंटाळू शकतो. एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिच्यात काहीच नवल नाही, आणि नवल आहे असं सिद्ध करण्याच्या फंदात मी पडणार नाही. पण ज्या माणसानं आदल्या दिवशी ओल पुसली होती त्याच्याच हातून राख सांडली, आणि तो पुन्हा पुसणार एवढ्यात कुणीतरी 'हात नका लावू' म्हणालं. हे तीन शब्द माझ्यासाठीच होते असं मला वाटतं. माझी सावधगिरी खोटी नव्हती, पण तिला कुणावरही भरवसा ठेवता येत नव्हता, आणि शेवटच्या त्या एका पिळानं तिनंच नळी चिरली. आता पुठ्ठा मी अजूनही अंथरतो. वहीही आहे. शंका आली की टाल्कम पावडर मारतो, पत्नीनं त्यासाठी वेगळा डबा दिला आहे. फक्त जे काम दुसऱ्यानं नीट केलं आहे ते पुन्हा पिळत नाही. आणि निघताना आई अंगारा लाव म्हणाली की बॉनेट उघडून व्यवस्थित लावतो.

पावणेचारला गुरवांनी पुन्हा कौल लावला. "बाई माऊली, गाडीचं दुखणं तू दाखवलंस, डॉक्टर तू धाडलास, आता तरी पोरांना वाटेला लाव." "होय माऊली," या वेळी आम्ही चौघं म्हणालो, चौथे व्याही. उजवी कळी अलगद खाली आली. आई उठायला तयार नव्हती. चार वर्षांचं बघणं सहा तासांत होत नाही, असं तिचं म्हणणं. निघताना तिनं देवीला सांगितलं, "नथ छान आहे गो," आणि गाडीत बसली.

मेकॅनिकला अकराशे पन्नास रुपये दिले: नळीचं काम, ब्रेक ऑइल, वर येण्याचं पेट्रोल. त्यानं मागितले तेवढेच, मी घासाघीस केली नाही. मग पाचशेची नोट काढून व्याह्यांपुढे धरली. ते मागे सरकले. "मला कशाला? पूड कुणाची वापरलीत? तिला द्या." मी परत देवळात गेलो आणि पाचशे एक रुपये देवीच्या पेटीत टाकले. गुरव पावतीपुस्तक शोधायला लागले. मी म्हटलं, राहू द्या.